कर्नाटकात नोंदवलेली कार पुण्यात आणली आहे: नोंदणी आणि वाहन परवाना यांपैकी आधी काय करावे?

प्रश्न (नवा पत्ता):

नमस्कार. नोकरीतील बदलीमुळे आठ महिन्यांपूर्वी मी बंगळुरूहून पुण्यात राहायला आलो. सोबत आणलेली पेट्रोल कार २०२० साली तिथे नोंदवली असून तिचा आजीवन करही तिथेच भरलेला आहे; बँकेच्या कर्जाचे हप्ते मात्र अजून दोन वर्षे चालतील. माझा वाहन परवानाही कर्नाटकातलाच आहे. शेजारी म्हणतात की तीस दिवसांतच सगळे करायला हवे होते, तर सहकाऱ्यांच्या मते वर्षभर कशालाही हात लावण्याची गरज नाही. एका एजंटने सर्व कामांची मिळून एकच रक्कम सांगितली. त्यात शासकीय शुल्क किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे विचारूनही त्याने सांगितले नाही. नेमकी मुदत कोणती, भरलेला कर परत मिळतो का आणि परवान्याचे काय करायचे, हे ज्यांनी स्वतः केले असेल त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर (जुनी आरसी):

तुमचे शेजारी आणि सहकारी दोन वेगवेगळ्या तरतुदींबद्दल बोलत आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४९ प्रमाणे राहण्याचा पत्ता बदलला की तो ३० दिवसांत कळवावा लागतो. कलम ४७ मात्र नोंदणी क्रमांकाविषयी आहे: एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे क्रमांकासाठी तुमच्या हातात चार महिने आहेत, आणि एनओसीला (जुन्या राज्याच्या आरटीओच्या ना-हरकत प्रमाणपत्राला) लागणारा वेळ धरला तर ते फार नाहीत. सामान हलवल्याची पावती आणि भाडेकरार जपून ठेवा, कारण गाडी महाराष्ट्रात कधी आली हे दाखवण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते.

सुरुवात बँकेपासून करा. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या संमतीशिवाय मूळ आरटीओ ना-हरकत प्रमाणपत्र देत नाही, आणि बँकेचे पत्र यायला पुष्कळदा सर्वांत जास्त वेळ लागतो. ते हाती आले की नमुना २८ मधील अर्ज परिवहन संकेतस्थळावर भरा. कागद प्रत्यक्ष जमा करायला सांगितले तर बंगळुरूची एक फेरी होईल, तिची तयारी असू द्या. वाहन चोरीचे नाही आणि कर थकलेला नाही, याची खात्री करूनच प्रमाणपत्र दिले जाते. अर्ज करण्याआधी थकलेली ई-चलने तपासून भरून टाका. माझ्या एका विसरलेल्या चलनामुळे तीन आठवडे गेले होते. कलम ४८ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत नकार कळवला नाही, तर ना-हरकत दिली असे मानले जाते. त्यामुळे अर्जाची पोच हरवू नका.

अर्जासोबत चेसिस क्रमांकाचा छाप मागतात. क्रमांकावर कागदाची पट्टी धरून वरून पेन्सिल आडवी घासली की आकडे उमटतात. माझ्या गाडीत तो क्रमांक पुढच्या आसनाजवळ, पायपुसण्याखाली होता, आणि धूळ व गंज साचल्यामुळे शेवटचे दोन आकडे पुसट आले. तेवढ्या कारणाने अर्ज परत आला. ओल्या कापडाने जागा पुसा, कोरडी होऊ द्या, आणि दोन-तीन छाप घ्या.

उत्तर (कर आणि कागद):

कराबद्दल माझा अनुभव सांगतो. प्रमाणपत्र मिळाल्यावर पुण्यात नमुना २७ मध्ये नव्या क्रमांकासाठी अर्ज करायचा, गाडी तपासणीला न्यायची आणि महाराष्ट्राचा कर भरायचा. गाडीचे वय लक्षात घेऊन कर ठरत असल्यामुळे तो नव्या गाडीइतका नसतो, तरीही रक्कम मोठी असते. जुन्या राज्यात भरलेल्या आजीवन करातील उरलेल्या काळाचा भाग परत मागता येतो, पण त्यासाठी आधी इथे नोंदणी पूर्ण करून नवी आरसी जोडावी लागते. थोडक्यात, पैसे आधी जातात आणि मागाहून येतात, म्हणून तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा. कर भरल्याची मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नका. माझी पावती एजंटकडे राहिली आणि तिची प्रत मिळवताना परताव्याला आणखी चार महिने लागले.

नवा क्रमांक मिळाला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीत तो नोंदवून घ्या. ते राहून गेले आणि अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी विनाकारण प्रश्न उभे राहतात. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी, पीयूसी आणि फास्टॅग हेही नव्या क्रमांकाचे हवेत.

उत्तर (परवाना):

परवान्यासाठी घाई करू नका. तो संपूर्ण भारतात चालतो, राज्य बदलले म्हणून रद्द होत नाही. नवा पत्ता सारथी संकेतस्थळावर अर्ज करून नोंदवता येतो. मात्र त्यावरची मुदत आजच पाहा. मुदत संपल्यानंतर एका वर्षाच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो; त्याहून उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत जवळ आली असेल, तर पत्ता आणि नूतनीकरण ही दोन्ही कामे एकत्र उरकावीत, म्हणजे दुहेरी धावपळ होत नाही.

प्रश्नकर्ता (नवा पत्ता):

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. आमच्या कंपनीची कार्यालये सहा राज्यांत आहेत आणि तीन वर्षांनी पुन्हा बदली होण्याची शक्यता आहे. अशा वेळी बीएच क्रमांक, म्हणजे राज्य बदलले तरी तोच राहणारा ‘भारत’ मालिकेतला क्रमांक, घेणे योग्य ठरेल का?

उत्तर (जुनी आरसी):

तुम्ही पात्र दिसता. बीएच मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली, आणि चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ती खुली आहे; त्यासाठी कंपनीकडून नमुना ६० मधील प्रमाणपत्र लागते. आधीच नोंदवलेल्या गाड्यांनाही बीएच क्रमांक घेता यावा, अशी सुधारणा डिसेंबर २०२२ मध्ये झाली. यात कर एकदम न घेता दोन-दोन वर्षांचा घेतात आणि पुढच्या बदलीत क्रमांक बदलावा लागत नाही. पुण्यात कायमचे राहायचे असते तर मी महाराष्ट्राचाच क्रमांक सुचवला असता. तुमची पुढची बदली तीन वर्षांवर आहे, तेव्हा पंधरा वर्षांचा हिशेब धरून कर भरायचा आणि नंतर त्याच्या परताव्यामागे धावायचे, यात मला अर्थ दिसत नाही. कर्नाटकाच्या गाडीला पुण्यात बीएच क्रमांक देताना ते कोणते कागद मागतात, हे एनओसीचा अर्ज करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा.

प्रश्नकर्ता (नवा पत्ता):

समजले. बँकेला संमतिपत्रासाठी आजच लिहितो आणि नमुना ६० साठी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशीही बोलतो. परवान्याची मुदत पाहिली, ती पुढच्या मार्चमध्ये संपते आहे. त्यामुळे पत्ता आणि नूतनीकरण एकत्रच करीन.