शिक्रा (छोटा शिकारी ससाणा) आल्यापासून पाखरं पाण्यावर टिकेनात, काय करावं?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. परभणीजवळ शेतात आमचा आखाडा आहे, तिथं बाभळीखाली परळात पाणी ठेवतो, चिमण्या मुनिया बुलबुल सातभाई सगळे यायचे. मागच्या आठवड्यात शिक्र्यानं एक मुनिया उचलली अन् तेव्हापासून एक घोट घेतला की मान वर, सातभाईंचा एकजण फांदीवर पहाऱ्याला, तो ओरडला की सगळी भुर्र, उगं कोतवाल पक्षी आला तरी पळतेत.

आधी वाटलं किती भित्री, पण भ्यायली नसती तर कधीच शिक्र्याच्या पोटात गेली असती म्हणा. पण या भीतीचा तोटा पण लई आहे, कॅनडात चिमणीसारख्या पाखरांवर प्रयोग झालता (2011 ला छापून आला), घरट्यांना जाळी कुंपण करून स्पीकरवर नुसते शिकाऱ्यांचे आवाज लावले, तरी पिल्लं 40 टक्के कमी, कारण अंडीच कमी घातली अन् आईबाप चारा आणायला पण कमी जायचे.

मला शिक्र्याला हाकलायचं नाही, त्याचं पण पोट आहे. फक्त परळ कुठं ठेवू? झुडपाला चिकटून ठेवलं तर मांजर दबा धरतंय, उघड्यावर ठेवलं तर लपायला जागा नाही. कुणी करून बघितलं असंल तर झुडपापासून किती फूट अंतर ठेवलं ते सांगा.