मदत हवी आहे: स्पॅनिश अपूर्ण भूतकाळात ‘मी’ की ‘ती’, कसं ओळखायचं?

नियमित क्रियापदांची रूपं पाठ आहेत. ‘आब्लार’चं (बोलणे) आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान, ‘कोमेर’चं (खाणे) कोमिआ, कोमिआस, कोमिआ... ‘-इर’वाली याच वळणाने जातात. सेर (असणे), इर (जाणे), वेर (पाहणे) हे तीन अपवादही माहीत आहेत, त्यामुळे तक्ता नकोय.

अडतंय ते पहिल्या आणि तिसऱ्या पुरुषाच्या एकवचनी रूपांवर. दोन्ही अगदी सारखी! मराठीत ‘मी लिहायचे’ आणि ‘ती लिहायची’ लगेच वेगळं कळतं, तिथे दोन्हीला ‘एस्क्रिबिआ’च. आजीबद्दल एक परिच्छेद लिहिला. सुरुवातीला एकदा ‘यो’ (मी) घातलं, पुढे कर्ता गाळला. वाचणाऱ्या मैत्रिणीला माझी अर्धी वाक्यं आजीची वाटली. मग प्रत्येक वाक्यात ‘यो’, ‘एय्या’ (ती) घातलं, तर ते फारच खटकतं. ‘मिएन्त्रास यो आब्लाबा, एय्या कोमिआ’ (मी बोलत असताना ती खात होती) अशा वाक्यात दोन्ही लागतात, एवढं पटतं.

प्रश्न लेखनापुरताच आहे, बोलण्यात अडत नाही. कर्ता बदलला की एकदाच सर्वनाम देऊन पुढची सलग वाक्यं तशीच सोडली तर चालतात का, की मध्ये ‘एरा’ (होते/होती) किंवा ‘तेनिआ’ (माझ्याकडे/तिच्याकडे होतं) आलं की ते पुन्हा द्यावं लागतं?