मदत हवी आहे: सहा महिन्यांनी स्मृतिचाचणीचे गुण वाढलेत, डेटा चुकलाय का?

धूसर
एमडीचा प्रबंध, विषय ज्येष्ठांमधला बौद्धिक ऱ्हास. पहिल्या फेरीत ९६ जण, सरासरी २०.८. सहा महिन्यांनी सरासरी २२.७. ऱ्हास मोजायला निघाले आणि गुण १.९ ने वाढले! टी-टेस्टमध्ये (दोन सरासऱ्यांची तुलना) पी ०.००१ पेक्षा कमी, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. गाईड म्हणतात डेटा-एंट्री चुकली असणार. एक्सेल तीनदा तपासलं, काही सापडत नाही. सोमवारी मसुदा द्यायचाय. नक्की काय चुकलंय ते कुणी सांगेल का? आगाऊ धन्यवाद.

आकडेमोड
चाचणी कोणती, कितीपैकी? दोन्ही वेळा तोच संच? दुसऱ्या फेरीला किती जण आले? आणि हे ९६ जण निवडले कसे? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

गवती_चहा
तोंडी चाचण्या एका दिवसात दोन-तीन गुणांनी हलतात. त्यापेक्षा रक्तातलं पी-टाऊ २१७ (अल्झायमरमध्ये वाढणारं प्रथिन) मोजा. पी-टाऊ २१७ आणि ॲमिलॉइड बीटा ४२ (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं दुसरं प्रथिन) यांच्या गुणोत्तराच्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने मे २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये घ्या, दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करा, प्लाझ्मा पॉलिप्रोपिलीनच्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला नमुना पुन्हा गोठवू नका.

धूसर
@आकडेमोड एचएमएसई (हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन), मराठी भाषांतर, ३० पैकी. संच तोच.
@गवती_चहा रक्तासाठी बजेट नाही.

आकडेमोड
निवड आणि गळती (दुसऱ्या फेरीला न आलेले) राहिली. तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

कडूकारलं
@गवती_चहा एफडीएची ती मान्यता विशिष्ट वयावरच्या, लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञांकडे तपासायला आलेल्या लोकांसाठी आहे. शिबिरातल्या सरसकट ज्येष्ठांसाठी नाही. शिवाय मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर पी-टाऊ २१७ ॲमिलॉइड नसतानाही वाढलेलं दिसतं, म्हणजे क्रिएटिनिन सोबत हवंच. आणि हा मार्कर विकृती दाखवतो, स्मृती नाही. प्रश्न गुणांचा आहे.

बारा_गावचं_पाणी
मराठी भाषांतर कुणी केलं? एचएमएसई १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या, बहुतांश निरक्षर ज्येष्ठांसाठी बांधली गेली. म्हणून तिच्यात शब्दाचं उलटं स्पेलिंग नाही, वार उलटे म्हणायचे असतात. ‘डोळे मिटा’ वाचायला न देता परीक्षक करतो तसं करायला सांगतात. मराठीत आणताना तपासनीस गुण कसे देतात यावर सगळं अवलंबून. ‘बेस्तवार’, ‘आइतवार’ बरोबर धरलं का? ऋतू विचारल्यावर ‘पावसाळा’ आणि ‘वर्षा’ दोन्ही चालले का? तारखेऐवजी ‘आषाढ वद्य पंचमी’ असं अचूक उत्तर आलं तर गुण दिला का? पहिल्या फेरीच्या तपासनीसाने नाही दिला आणि दुसऱ्या फेरीच्या तपासनीसाने दिला, तर दोन गुण तिथेच वाढतात.

शिक्षणाचा रकानाही बघा. ‘फायनल झालोय’ म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, सातवी. एंट्री करणारी मुलं त्याला पदवीचं शेवटचं वर्ष समजतात आणि सातच्या जागी पंधरा पडतात. जुनं मॅट्रिक म्हणजे अकरावी. आणि जन्मतारीख १ जून असेल तर वय शाळामास्तरांनी अंदाजाने लिहिलेलं आहे असं धरून चाला.

पारावरचा
ब्राह्मी आणि जिंको बिलोबा दिलं तर हे गुण आणखी वाढतील ना? त्यावर का नाही अभ्यास करत?

कडूकारलं
जिंकोचा झालाय. अमेरिकेत ३०६९ ज्येष्ठ, १२० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सरासरी सहा वर्षं पाठपुरावा. २००८ मध्ये निष्कर्ष आला: डिमेन्शियाचं प्रमाण कमी झालं नाही.

धूसर
तपासनीस दोन होते, दुसऱ्या फेरीत एक बदलला. १ जूनवाले खूप आहेत. निवड: शिबिरात ३४० जणांची एचएमएसई घेतली, ज्यांना २३ किंवा कमी पडले ते ९६ घेतले. तेच गुण पहिली फेरी म्हणून धरले. दुसऱ्या फेरीला ७१ आले. याने फरक पडतो का?

आकडेमोड
पडतो. उत्तर इथेच आहे, एक्सेलमध्ये शोधू नका.

आधी गळती. तुम्ही ९६ जणांची सरासरी ७१ जणांच्या सरासरीशी ताडली. जे २५ आले नाहीत ते बहुधा जास्त खालावलेले. फक्त या ७१ जणांची पहिल्या फेरीची सरासरी काढा आणि जोडीची टी-टेस्ट (प्रत्येकाची स्वतःच्याच आधीच्या गुणांशी तुलना) लावा.

मग निवड. २३ ची रेघ मारून त्याखालचे घेतले, की त्यात खरोखर कमी असलेले येतात आणि त्या दिवशी झोप झाली नाही, ऐकू आलं नाही, शिबिराच्या गर्दीत गोंधळले असेही येतात. पुढच्या वेळी हे दुसरे लोक आपोआप वर सरकतात. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. सूत्र साधं आहे: अपेक्षित गुण = सगळ्यांची सरासरी + विश्वसनीयता गुणांक × (गटाचे गुण − सगळ्यांची सरासरी). विश्वसनीयता गुणांक म्हणजे चाचणी पुन्हा घेतली तर गुण किती जुळतात, ० ते १ मध्ये. ३४० जणांची सरासरी किती?

धूसर
३४० ची सरासरी २६.०. त्या ७१ जणांची पहिल्या फेरीची २१.६ आली! म्हणजे वाढ १.१ च.

आकडेमोड
म्हणजे १.९ पैकी ०.८ निव्वळ गळतीचे. आता गुणांक ०.८ धरला तर २६ + ०.८ × (२१.६ − २६) = २२.४८. काहीही न करता ०.८८ वाढ अपेक्षित होती. उरले ०.२२.

कडूकारलं
गुणांक ०.८ कुठून आणला? ०.९ धरला तर अपेक्षित वाढ ०.४४ वर येते आणि सरावाचा वाटा मोठा होतो. तोच संच दुसऱ्यांदा दिला की गुण वाढतातच, आणि सर्वात मोठी उडी पहिल्या-दुसऱ्या वेळेतच असते. आंबा, खुर्ची, नाणं हे लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द सहा महिन्यांनीही लोकांच्या लक्षात असतात.

आकडेमोड
बरोबर, ०.८ गृहीत आहे, ते मान्य. पण तो गुणांक या ७१ जणांवरून काढू नका, धूसर. वरची बाजू कापलेल्या गटात तो खोटा कमी येतो. बाकीच्या २४४ मधून चिठ्ठ्या टाकून पन्नास-साठ जणांची दुसरी फेरी घ्या, म्हणजे पूर्ण पल्ला मिळेल. त्यासाठी नैतिकता समितीकडे दुरुस्ती-अर्ज लागेल.

कडूकारलं
तेवढ्याने सराव वेगळा निघत नाही. त्याच वयाचे, तेवढंच शिकलेले नवे लोक याच तपासनीसांकडून पहिल्यांदाच तपासून घ्या. सराव झालेले आणि नवखे यांच्यातल्या फरकातून गळतीचा परिणाम वजा केला की सरावाचा अंदाज येतो. स्वीडनमधल्या उमेओच्या बेटुला अभ्यासात आणि अमेरिकेतल्या व्हिएतनामकाळच्या जुळ्या सैनिकांच्या अभ्यासात हेच केलंय.

माहेरवाशीण
अवांतर, माफ करा. सासऱ्यांना अल्झायमरचं निदान झालंय. लेकॅनेमॅब (मेंदूतलं ॲमिलॉइड काढणारं औषध) चालू करावं का?

कडूकारलं
वेगळा धागा काढा, पण तोवर थोडक्यात. आजार सुरुवातीच्या टप्प्यात आणि मेंदूत ॲमिलॉइड असल्याची खात्री, दोन्ही हवं. औषधाच्या चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हास थांबला नाही, १८ गुणांच्या मापावर ०.४५ ने कमी झाला. जनुकाच्या दोन्ही प्रती एपीओई ई४ (अल्झायमरचा धोका वाढवणारा प्रकार) असतील तर मेंदूला सूज येण्याचं प्रमाण त्या चाचणीत सुमारे ३३ टक्के होतं. जनुकचाचणी आणि ठरलेले एमआरआय टाळून सुरू करू नका.

बारा_गावचं_पाणी
धूसर, शिबिरात बी१२, थायरॉइड तपासलं का? कुणाला उपचार दिले का? मोतीबिंदू, कानातला मळ?

धूसर
हो, बी१२ कमी होतं त्यांना इंजेक्शनं दिली. मळही काढला. ते लिहायला हवं होतं का?

बारा_गावचं_पाणी
हवंच. उपचार देणं योग्यच, न देणं चूक ठरलं असतं. पण मग तो निव्वळ निरीक्षणाचा अभ्यास राहत नाही. कुणाला काय, कोणत्या तारखेला दिलं याचा रकाना करा आणि उपचार मिळालेले वगळून आकडे पुन्हा काढा.

आकडेमोड
सोमवारच्या मसुद्यात एवढं जाऊ द्या: जोडीची तुलना, ०.७ ते ०.९ गुणांकांना अपेक्षित वाढ, उपचारांचा तक्ता, आणि गळालेल्या २५ जणांची वेगळी सरासरी. तुमच्या आकड्यांवरून ती साधारण १८.५ येते. त्यांच्या घरी फोन करून आयक्यूकोड (माणसात झालेल्या बदलाबद्दल घरच्यांना विचारायची प्रश्नावली) विचारा, सोळा प्रश्नांचा छोटा. प्रत्येकाला १ ते ५ गुण, ३ म्हणजे बदल नाही.

धूसर
फोन बहुतेक सुना उचलतात. सुनेने उत्तरं दिली तर चालतील?

बारा_गावचं_पाणी
रोज सोबत राहणारी असेल तर उत्तम. पण त्या प्रश्नांत तुलना दहा वर्षांपूर्वीशी आहे. लग्न होऊन किती वर्षं झाली ते आधी विचारा. दहाच्या आत असतील तर मुलाचा किंवा मुलीचा नंबर घ्या.