तक्त्यात आपली बुलेट नसेल तर पावडर किती भरायची?

पुंगळीवाला : ९ मिमी पिस्तुलाच्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) पावडर आणि बुलेट घालून स्वतः भरतो. या खेपेला बुलेट मिळाली ती अख्ख्या तांब्याची, आणि कोणत्या बुलेटला किती पावडर ते सांगणाऱ्या माझ्या पावडरीच्या तक्त्यात ती नाही. त्याच वजनाची शिशाच्या गाभ्याची मात्र आहे. माझं मत : वजन सारखं, तर तिचाच कमाल आकडा धरा, दहा टक्के खाली उतरा आणि हळूहळू चढा. प्रत्येक बुलेटचा तक्ता शोधत बसलो तर नेमबाजी कधी करायची?

ग्रेनमोज्या : साफ चूक. वजन सारखं असलं तरी लांबी सारखी नसते. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६. तेवढ्याच वजनाची तांब्याची बुलेट लांब असणारच. काडतुसाची एकूण लांबी तीच ठेवलीत, की जादाची लांबी पुंगळीत शिरते आणि आतली जागा खाते. ९ मिमीत मुळात जागा ती केवढी! दाब झपाट्याने चढतो. तुमचे दहा टक्के तिथेच संपले.

पुंगळीवाला : म्हणून तर खालून सुरुवात. प्राइमर (पुंगळीच्या बुडाची, पावडर पेटवणारी टिकली) दाबाने चपटा दिसला की थांबेन. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफही आहे. आणि दोन पुस्तकांचे आकडे तरी कुठे जुळतात?

जुनाहात : जुळत नाहीत, कारण चाचणीची नळी वेगळी, पावडरीचा लॉट वेगळा. म्हणून दोन्हींतला कमी आकडा घ्यायचा, हवा तो नाही. प्राइमरचं म्हणाल तर, साआमीने (अमेरिकी शस्त्र-काडतूस उत्पादकांची मानकं ठरवणारी संस्था) घातलेली दाबाची मर्यादा ९ मिमीला ३५,००० पीएसआय, तर .४५ एसीपी या दुसऱ्या पिस्तूल-काडतुसाला २१,०००. .४५ मध्ये प्राइमर तक्रार करेपर्यंत मर्यादा कधीच मागे पडलेली असते. क्रोनोग्राफ वेग दाखवतो, दाब नाही.

पण ग्रेनमोज्या, खाली जायलाही तळ आहे. एकदा मी फारच कंजूसपणा केला. धडाक्याऐवजी नुसतं ‘फुस्स’. शेजारच्याने हात धरला म्हणून दुसरी गोळी झाडली नाही. पिस्तूल रिकामं करून नळीत सळई घातली, तर बुलेट मध्येच अडकलेली.

ग्रेनमोज्या : म्हणूनच म्हणतो, तक्ता नाही तर ती जोडी नाही. तक्त्यात असलेली बुलेट घ्या. अडलंय कुठे?

पुंगळीवाला : कॅलिपर लावला. तांब्याची बुलेट जवळजवळ २ मिमी लांब निघाली. इतकी असेल असं वाटलं नव्हतं. बुलेटवाल्यांना आणि पावडरवाल्यांना ईमेल टाकलाय, तोवर ती खोकी बंद. शिशाच्या गाभ्याच्या बुलेटमध्ये फक्त टोकाचा आकार थोडा वेगळा असेल, तर मात्र मी खालून चढणारच. त्यावर भांडायचं असेल तर या.