आईची कडेची नजर कमी होत आहे: मधुमेहामुळे की काचबिंदूमुळे?

प्रश्न (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)
माझ्या आईचे वय ६२ असून तिला ११ वर्षांपासून मधुमेह आहे. यंदा वेचणीच्या वेळी पऱ्हाटीच्या तासातली डाव्या हाताची बोंडे तशीच मागे राहतात, हे माझ्या पत्नीच्या लक्षात आले. आईला मात्र समोरचे स्वच्छ दिसते, डोळाही दुखत नाही, त्यामुळे ती दवाखान्यात यायला तयार नाही. गावातील मंडळी म्हणतात की मोतीबिंदू असेल, तो पिकू द्यावा आणि पुढच्या शिबिरात शस्त्रक्रिया करून घ्यावी. थांबावे का?

उत्तर १ (नेत्रचिकित्सा अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, जि. वर्धा)
दादा, कृपया शिबिराची वाट पाहू नका. मोतीबिंदूत सगळेच धूसर होते. समोरचे स्वच्छ आणि कडेचे नाहीसे, हे त्याचे लक्षण नव्हे. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील पाण्याचा निचरा अडतो, आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. त्यात आधी कडेची नजर जाते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढत असल्याने माणसाला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. दाब सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. परंतु त्या मर्यादेत दाब असूनही नस खराब होऊ शकते, म्हणून नसेची तपासणीही मागून घ्यावी.

मधुमेहात दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, मधोमध सूज येते आणि सरळ रेघा वाकड्या दिसू लागतात. पुढे फुटणाऱ्या नव्या, नाजूक वाहिन्यांतून रक्तस्राव झाला की डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात. अशाच वाहिन्या बाहुलीभोवतीच्या पडद्यावर पसरल्या, तर मधुमेहातूनच काचबिंदू उद्भवतो. त्यामुळे मधुमेह असलेल्याने काहीही त्रास नसला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून हा मागचा पडदा तपासून घ्यावा.

आजच एकेक डोळा झाकून पाहा. दोन्ही डोळ्यांना डावीकडचेच दिसत नसेल, तर दोष मेंदूत असू शकतो. तेव्हा एक दिवसही न थांबता जिल्हा रुग्णालय गाठा.

उत्तर २ (अचलपूर)
माझ्या वडिलांना काचबिंदूचे थेंब दिले होते. दोन महिन्यांत नजर सुधारली नाही म्हणून त्यांनी ते बंद केले. थेंबांनी गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकते, हे आम्हाला कोणीही समजावून सांगितले नव्हते. आज त्यांना अंगणातली तुळसही दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे बाटली पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका, वेष्टनावरील सूचना वाचा. वडिलांचे निदान झाल्यावर आम्ही भावंडांनीही डोळे तपासून घेतले, कारण हा आजार रक्ताच्या नात्यात आढळतो.

प्रश्नकर्ता
आईला समोर बसवून, माझ्या नाकाकडे पाहायला सांगून मी कडेने बोट आणले. उजव्या डोळ्याला दोन्हीकडचे वेळेवर दिसले. डाव्या डोळ्याला डावीकडचे बोट गालाजवळ येईपर्यंत दिसले नाही. आई स्वतःच घाबरली आणि यायला तयार झाली. उद्या पहिल्या एसटीने यवतमाळला निघतो.

उत्तर १
मोटारसायकलऐवजी एसटी हेच योग्य, कारण बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या, तसेच तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल असल्यास सोबत न्या, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेले डोळ्यांचे थेंब घरात असतील तर तेही दाखवा. त्यांत स्टेरॉइड असल्यास त्यानेही दाब वाढतो.