शिपिंगवर सेल्स टॅक्स: आधी राज्य बघा

ऑनलाइन माल विकताना ग्राहकाकडून पाठवणीचे, म्हणजे शिपिंगचे, पैसे घेतले तर "टॅक्स मालावर असतो, शिपिंगवर कशाला?" असं कुणीतरी विचारलंय. अमेरिकेत हे सरसकट धरून चालू नका. नियम राज्यागणिक बदलतो. न्यूयॉर्कमध्ये वस्तू करपात्र असेल तर शिपिंगही करपात्र. एकाच पार्सलमध्ये करपात्र आणि करमुक्त वस्तू घालून शिपिंग एकरकमी लावलंत, तर त्या अख्ख्या रकमेवर टॅक्स!

कॅलिफोर्नियाची तऱ्हा निराळी. शिपिंग बिलात वेगळं दाखवलं आणि माल पोस्टाने किंवा कुरिअरने थेट ग्राहकाकडे गेला, तर टॅक्स नाही, पण ही सूट प्रत्यक्ष खर्चापुरतीच. ग्राहकाकडून ८ डॉलर घेतले आणि पोस्टेज ५ लागलं, तर वरच्या ३ डॉलरवर टॅक्स बसतो. त्यामुळे पोस्टाच्या पावत्या फेकू नका. करपात्र मालाच्या हँडलिंगचे (पॅकिंग, हाताळणीचे) पैसेही करपात्रच.

'फ्री शिपिंग' ही पळवाट नाही. तो खर्च किमतीत मुरलेला असतो, मग टॅक्स पूर्ण किमतीवर.

एट्सी किंवा अमेझॉनसारख्या ऑनलाइन बाजारांवरून विकत असाल तर टॅक्स सहसा तेच गोळा करून भरतात. खरी डोकेदुखी स्वतःच्या साइटवाल्यांना. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या वेफेअर निकालापासून, ग्राहकाच्या राज्यात तुमचं दुकान नसलं तरी तिथल्या मर्यादेपुढे विक्री गेली की टॅक्स गोळा करणं आलंच.