कर्नेलमधील त्रुटी-संदेश उपयोगी कसा लिहावा?

प्रश्न (हिंगणा, नागपूर):
नमस्कार. आम्ही भट्टीचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी लिनक्सच्या कर्नेलचा (म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा) ड्रायव्हर, अर्थात उपकरण चालवणारा प्रोग्राम, लिहीत आहोत. गेल्या मे महिन्यात, भर उन्हात भट्टीशेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने मला फोनवर लॉगमधील एवढीच ओळ वाचून दाखवली : ‘प्रोब अयशस्वी, -२२’ (प्रोब म्हणजे ड्रायव्हरने उपकरण तपासून सुरू करण्याची पायरी). ओळ मीच लिहिलेली होती, तरी नेमके काय बिघडले हे मला सांगता आले नाही. काय बदलावे?

उत्तर १ :
-२२ म्हणजे ‘ईइनव्हॅल’, अर्थात अमान्य मूल्य. परंतु एकाच ड्रायव्हरमध्ये ते अनेक ठिकाणांहून परत येऊ शकते. लॉगमध्ये ओळ लिहिणाऱ्या नुसत्या ‘प्रिंटके’ (printk) या फंक्शनऐवजी ‘डेव्ह_एरर’ (dev_err) वापरावे, म्हणजे ड्रायव्हरचे व उपकरणाचे नाव आपोआप ओळीच्या आरंभी येते. त्यापुढे मिळालेले मूल्य आणि चालणारी मर्यादा, दोन्ही लिहावीत : ‘नमुना-कालावधी ५ मिलिसेकंद, किमान १० हवा’. ही ओळ फोनवर ऐकूनही दुरुस्ती कुठे करायची ते कळते, आणि माझ्या मते संदेशाची खरी कसोटी हीच आहे.

उत्तर २ :
वरील उत्तराशी सहमत. -५१७ मात्र दोष समजू नये; ज्याच्यावर आपला सेन्सर अवलंबून आहे ते साधन अद्याप तयार नसल्याने कर्नेल प्रोब पुन्हा करणार, एवढाच त्याचा अर्थ आहे. २०२० मध्ये आलेले ‘डेव्ह_एरर_प्रोब’ (dev_err_probe) हे फंक्शन हा फरक स्वतःच ओळखते. वारंवार घडणाऱ्या त्रुटीसाठी ‘रेटलिमिटेड’ (ठरावीक वेळेत मोजक्याच ओळी लिहिणारा) प्रकार घ्यावा, अन्यथा पहिली, महत्त्वाची ओळच लॉगच्या मर्यादित बफरमधून (साठवण-जागेतून) पुसली जाते.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. कालावधीची तपासणी आजच सुधारतो.